काजव्यांच्या झाडाखाली डीजे लावणार आहेत

सकाळी ट्रेकच्या ग्रुपवर पोस्टर आलं. भंडारदरा, फायरफ्लाय नाईट, बसने जाऊन-येऊन, अनलिमिटेड बार्बेक्यू, डीजे, आणि शेवटी बारीक अक्षरात 'रात्री काजवे दर्शन'. खाली आपल्याच लोकांचे अंगठे आणि 'माझी सीट धरा'. ज्यांच्यासोबत मी गडांवरून पोती भरभरून प्लास्टिक खाली आणलंय ना, तेच लोक. दिवसभर डोकं फिरलंय माझं, ऑफिसात एका कामात लक्ष लागलेलं नाही.

अरे, अभयारण्य आहे ते! कळसूबाई-हरिश्चंद्रगड, १९८६ पासून. तिथे डीजे लावतो हे पोस्टरवर छापायची हिंमत होते, कारण आपण अंगठे देतो म्हणून.

कॉलेजात असताना आम्ही भंडारदऱ्याजवळच्या उडदावणे गावात एका मामांकडे उतरलो होतो. जेवणं झाली, आम्ही बॅटऱ्या काढल्या तर मामा म्हणाले, "त्या हितंच ठेवा, तिकडं उजेड नाय चालायचा." स्वतःची बिडीसुद्धा विझवली त्यांनी. मग एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून त्या मिट्ट काळोखात बांधावरून चालत गेलो, आम्ही ठेचकाळत, मामा अनवाणी आणि एकदम सरळ. एका सादड्याच्या झाडाखाली बसवलं आणि गप्प राहा म्हणाले. सुरुवातीला काहीच नाही, दोनचार ठिपके इकडेतिकडे. मग हळूहळू एक फांदी, मग शेजारची, आणि थोड्या वेळाने अख्खं झाड एका लयीत पेटायला आणि मिटायला लागलं. कोणीही बोललं नाही, बोलावंसं वाटलंच नाही कोणाला.

तो उजेड आपल्यासाठी नसतो हो. नर चमकून मादीला बोलावतो, ती खाली गवतात किंवा फांदीवर बसून उत्तर देते, बस्स. वर्षातला बहुतेक काळ हा जीव अळी म्हणून मातीत असतो, गोगलगायी खातो, आणि मेअखेरीस पावसाआधी पंख फुटून वर आला की हातात जेमतेम दोनतीन आठवडे. एवढ्यात जोडीदार सापडला आणि मातीत अंडी पडली तर पुढच्या वर्षी काजवे. त्या दोनतीन आठवड्यांतलेच शनिवार-रविवार गाठून आपण हेडलाइट घेऊन जातो, आणि हजारो बूट त्याच झाडाखालची माती तुडवतात जिच्यात पुढची पिढी असते.

मामांकडे नंतर परत गेले होते, सीझनच्या शनिवारीच. शेंडी गावापासून गाड्यांची रांग, पुढे मुरशेत, पांजरे, सगळा रस्ता लाल दिव्यांनी भरलेला. मामा ओट्यावर बसले होते, मी शेजारी. समोरच्या हिरड्यावर काजवे होते, कमी, पण होते. गाडी वळणावर आली की झोत झाडावरून फिरायचा आणि झाड बंद. मिनिटभराने परत एखादी फांदी सुरू होणार, तेवढ्यात पुढची गाडी. परत बंद. रात्रभर हेच. मामा काही बोलले नाहीत, मीच बडबडत होते रागाने. शेवटी ते उठून आत झोपायला गेले.

हो, माहितीये, तंबूवाल्या पोरांना चार पैसे मिळतात, नाहीतर मजुरीला नारायणगावला जावं लागतं. मामांच्या मुलाचेही तंबू आहेत. मान्य. पण मला सांगा, शहरातून बस भरून आणणारा आयोजक त्यातले किती पैसे गावात ठेवतो? आणि झाडं काळी पडली की तो दुसरं ठिकाण शोधेल, गावातली पोरं कुठे जातील?

आणि ते फोटो! झाडभर सोनेरी ठिपके दिसतात ना, ते कित्येक फ्रेम एकावर एक रचून केलेले असतात. डोळ्यांना तसं दिसत नाही, दिसणारही नाही. लोक ते मनात धरून येतात, तसं दिसलं नाही की चिडतात, मोबाईलचा फ्लॅश मारतात, पोरांना बाटलीत काजवे पकडून देतात. हे बघितलंय मी या डोळ्यांनी आणि त्या बापाशी भांडलेय पण.

'जंगल सगळ्यांचं आहे, तू कोण अडवणारी' हेही येईलच आता. सगळ्यांचं आहे म्हणूनच आकडा ठरवा म्हणतेय. साताऱ्याच्या कास पठारावर ठरवलाच ना, दिवसाला ३००० माणसं, ऑनलाइन बुकिंग, कुंपणावरून कितीही वाद झाले तरी आकडा लागला. इथेही अंधार पडल्यावर नाक्यावरून ठरलेल्या गाड्या आत, त्याही एका जागी लावायच्या, पुढे गावातल्या माणसासोबत पायी, बॅटरीशिवाय. माझा नंबर नाही लागला तर मी घरी बसेन, खरंच बसेन. त्या एका रात्रीवर माझं इतकी वर्षं भागलंय.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. तुम्ही वाईट लोक नाही आहात, मला माहितीये, पोस्टर न वाचताच अंगठा दिला असेल. जायचंच असेल तर मधल्या वारी जा, गावातल्या घरी उतरा, तिथलीच भाकरी खा, गाडीला संध्याकाळनंतर हात लावू नका, आणि त्या घरचे सांगतील तिथे सांगतील तसं बसा. लहान मुलांना नक्की न्या, त्यांना तर आपल्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसता येतं.

पण शनिवारच्या त्या बसचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर आयोजकाला आज रात्रीच फोन करून विचारा, डीजे कुठे लावणार, एकूण किती बस येणार, हेडलाइट किती वाजता बंद होणार. काय उत्तर देतो ते इथे खाली लिहा, मी जागी आहे.