हौसेला मोल नसतं, पावती असते

नवीन वस्तू घेतलीत? अभिनंदन. ती वापरायला काढायच्या आधी महत्त्वाचं काम उरकून घ्या: आपल्यासारख्याच हौशी मंडळींना ती दाखवा. मात्र दाखवताना तोंडावर आनंद नको. हसत सांगितलेली खरेदी म्हणजे उधळपट्टी. मान खाली घालून सांगितलेली तीच खरेदी म्हणजे कबुलीजबाब. आणि आपल्या मंडळींत कबुली देणाऱ्याला शिक्षा होत नाही, ‘फोटो दाखव’ म्हणतात. सुरुवात ‘अखेर’ या शब्दाने करावी. ‘अखेर घेतलाच.’ महिनोन्महिन्यांचा संयम, रात्री जागून केलेला अभ्यास, शेवटी पत्करलेली शरणागती, सगळं त्या एका शब्दात येतं. वस्तू मंगळवारी पहिल्यांदा दिसली आणि गुरुवारी घरी आली, हे कुणी विचारत नाही.

मग कारण द्यावं. ‘आवडली म्हणून घेतली’ हे कारण नव्हे. असं बोलणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. ‘वर्षभर मान मोडून काम केलं, म्हणून स्वतःला बक्षीस’ हे जुनं झालंय, तरी चालतं. या बक्षिसाची सोय अशी की स्पर्धक तुम्ही, परीक्षकही तुम्हीच आणि दुसरा क्रमांक काढायची गरज पडत नाही. जोडीला ‘आता यापुढे काही नाही, ही आयुष्यभराची’ एवढं म्हणून टाकावं. आयुष्यभराची वस्तू दर दोन-अडीच वर्षांनी घ्यावी लागते, यात वस्तूचा काय दोष? आयुष्यच लांबत जातं.

गणित कच्चं असेल तर निदान भागाकार पक्का करा. किंमत कितीही असो, तिला तीस वर्षांच्या दिवसांनी, म्हणजे जवळजवळ अकरा हजारांनी भागायचं. उत्तर इतकं किरकोळ येतं की एकच घेतल्याची लाज वाटावी. फक्त एक पथ्य पाळा: भागायचं ते दिवसांनी, वापराने नव्हे. वापराने भागायला गेलात तर माझ्या एका स्नेह्यासारखी गत होईल. त्याने महागडा तंबू घेतला होता. तो आजवर दोनदा उघडला आहे आणि त्यातला एकदा दिवाणखान्यात, सगळे खिळे आलेत का ते मोजायला.

माझंच सांगतो. मी फाउंटन पेनवाला. या हौसेची बाधा झालेली माणसं बाहेरून ओळखू येत नाहीत. फक्त दुसऱ्याच्या खिशाकडे जरा जास्त वेळ बघतात. गेल्या वर्षी मी सोन्याच्या निबचं पेन घेतलं. खोक्यात खोकं, त्यात तिसरं खोकं, त्याचं झाकण लोहचुंबकाने ‘टप्’ करून मिटतं. पहिल्या दिवशी ते झाकण मी पेनापेक्षा जास्त वापरलं. निबवर बारीक अक्षरात ५८५ कोरलेलं आहे. म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, चौदा कॅरट. मंडळींना मी तो आकडाच आधी दाखवला.

तर त्यातला एकजण, अशी माणसं प्रत्येक मंडळात एक तरी असतात, भिंगातून बघत म्हणाला, ‘कागदाला टेकतं ते टोक सोन्याचं नसतंच पण.’ खरं आहे त्याचं. सोनं मऊ, कागदावर घासून झिजतं. म्हणून अगदी टोकाला प्लॅटिनम गटातल्या धातूंच्या कठीण मिश्रणाचा कणभर मणी जोडलेला असतो. तसाच मणी चांगल्या स्टीलच्या निबलाही असतो. थोडक्यात, लिहिण्याचं काम मणी करतो. सोनं वर बसून देखरेख करतं. कचेरीत निम्मं आयुष्य घालवलेल्या माणसाला ही रचना नवीन वाटू नये, तरी मला दोन दिवस जेवण गेलं नाही. हा सल्ला म्हणून लिहून ठेवा: आपली वस्तू भिंगवाल्याला सर्वांत शेवटी दाखवावी.

घरी येऊन शाई भरली, जाड कागद काढला आणि पहिली ओळ लिहिली: माझं नाव. दुसरी ओळ, सही. तिसरी ओळ, तीच सही जरा ऐटीत. चौथ्या ओळीला पुन्हा नाव, या वेळी आडनावासकट. पाचव्या ओळीशी विषय संपला. पेन हातात, शाई ओली, आणि मला जगाला सांगण्यासारखं काहीही नाही. मग आडवे आठ काढले, वेटोळी काढली. शेवटी एक उपयोगी मजकूर सुचला आणि तो मात्र भरभर, पानभर उतरला: पुढे घ्यायच्या शायांची यादी. त्याच संध्याकाळी फोनवर कुणी नंबर सांगू लागलं, तर माझा हात आपोआप कुठून तरी फुकट आलेल्या बॉलपेनकडे गेला. नव्या पेनाचं टोपण अडीच आटे फिरवल्याशिवाय निघत नाही. तोवर समोरचा शेवटच्या चार आकड्यांवर पोचलेला असतो.

तुम्हाला वाटेल, वस्तू घेतली की खरेदी संपली. छे! चार आण्याची कोंबडी झाली, बारा आण्याचा मसाला अजून यायचाय. पेनाला साजेसा कागद हवा, कारण साध्या कागदावर शाई फुटते. कागदाला साजेशी वही, वहीला कातडी वेष्टन, वेष्टनाला शोभेल असं टेबल. या आजाराची नोंद फार जुनी आहे. फ्रेंच विचारवंत दनी दिद्रो याच्याकडे नवा कोरा लाल झगा आला आणि त्या झग्याशेजारी खोलीतलं सगळंच त्याला कळकट दिसू लागलं. वेताची खुर्ची जाऊन कातड्याची आली, जुनं टेबल जाऊन भारी आलं. जुन्या झग्याचा मी मालक होतो, नव्याचा गुलाम झालो, असं रडगाणं त्याने १७६९च्या सुमारास लिहून ठेवलं. पुढे १९८८मध्ये ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने या प्रकाराला ‘दिद्रो परिणाम’ असं नावच दिलं. याचा आपल्याला फायदा काय? तर पुढच्या वेळी घरात कुणी ‘आता हे टेबल कशाला?’ असं विचारलं, की खर्च म्हणायचं नाही. परिणाम म्हणायचं. परिणाम आपल्या हातात नसतात.

इतर छंदांचं फार वेगळं नाही. आकाश बघणाऱ्यांना मोठ्या तोंडाच्या दुर्बिणीचा ज्वर चढतो. सहा इंची आरशाऐवजी आठ इंची घेतला की प्रकाश पावणेदोन पटींहून जास्त गोळा होतो. हे गणित त्यांना झोपेतही येतं. वजन किती पटींनी वाढतं, ते मात्र जिना चढतानाच कळतं. मग मोठी दुर्बीण कोपऱ्यात चादरीखाली उभी राहते आणि तारे बघायला हलकी जुनीच बाहेर निघते. गॅलिलिओने १६१०च्या जानेवारीत गुरूचे चंद्र शोधले ते वीसेक पट मोठं दाखवणाऱ्या नळीतून, हा विषय अशा बैठकीत काढू नये. त्या माणसाला दाखवायला दुर्बीण नव्हती, फक्त चंद्र होते. आणि नवी दुर्बीण आली की पंधरा दिवस आभाळ भरलेलं राहतं, हे कुठल्याही खगोलप्रेमीला विचारा.

सायकलवाल्यांचा हिशेब ग्रॅममध्ये चालतो. शर्यतीची सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी असू नये, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा २००० सालापासूनचा नियम आहे. तुम्ही शर्यतीत नसल्यामुळे तो तुम्हाला लागू नाही, तेव्हा खुशाल कार्बनची दांडी घ्या आणि दीडशे ग्रॅम वाचवा. बाटलीत अर्धा लिटर पाणी कमी भरलं तर अर्धा किलो फुकट वाचतो, पण फुकट वाचलेलं वजन दाखवायचं कुणाला? स्वारच दोन किलो उतरवू शकतो, असं सुचवणाऱ्याला मंडळातून काढून टाकलेलं मी पाहिलंय.

ध्वनिवाल्यांबद्दल एवढंच सांगतो: माणसाचा कान फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढेल तशी वरची पट्टी आधी जाते. भारी स्पीकर परवडण्याचं वयही साधारण तेच. हे त्यांना ओरडून सांगावं लागतं.

आकड्यावरून आठवलं. किंमत कुणाला किती सांगायची, हे आधीच ठरवून ठेवा. मंडळींत बरीच वाढवून, घरी बरीच घटवून. दोन्हींची सरासरी साधारण पावतीशी जुळते. घरी ‘नवीन आणलीस का?’ असा प्रश्न आला तर ‘ही होय? ही केव्हाची आहे’ हे उत्तर कायम तयार ठेवा. त्यासाठी नवी वस्तू जुन्याच रंगाची घ्यावी. अनुभवी माणसं म्हणून सगळं काळं घेतात. लोक त्याला अभिरुची समजतात.

दुसऱ्याने वस्तू दाखवली की काय बोलायचं, हेही शिकून घ्या. आधी ‘वा!’, मग हातात घेऊन वजन केल्यासारखं करायचं, मग हळूच: ‘छान आहे. थोडे अजून घातले असतेस तर...’ वाक्य पुरं करू नका, ते त्याच्या डोक्यात रात्री पुरं होतं. पण एक प्रश्न चुकूनही विचारू नका: ‘याने केलंस काय?’ आमच्याकडे एकाने नवा कॅमेरा आणला होता. चौफेर कौतुक झालं, सगळ्या बाजूंनी काढलेले त्याचे फोटो हातोहात फिरले. ते फोटो त्याने फोनने काढले होते. कुणीही काही बोललं नाही. सभ्यता म्हणतात ती हीच.

या कुठल्याच नियमात न बसणारे एक आजोबा आमच्यात अधूनमधून येतात. त्यांच्याकडे एकच पेन आहे, स्टीलच्या निबचं. टोपणाला चीर गेलीय, तिथे दोरा गुंडाळून वर डिंक लावलाय. पन्नास वर्षांची रोजनिशी त्यांनी त्यानेच लिहिली आहे. आम्ही त्यांना कधी कमी लेखत नाही. ‘घ्याल हो तुम्हीही एखादं चांगलं,’ असा धीर देतो. परवा त्यांनी मला एक पत्ता लिहून मागितला. मी ऐटीत खिशातलं पेन काढलं, अडीच आटे फिरवले, कागदावर टेकवलं. कोरडं. तीन महिन्यांत शाई वाळून निबच्या चिरेत बसली होती. मी दोनदा झटकलं, एकदा फुंकर मारली. आजोबांनी काही न बोलता स्वतःचं पेन पुढे केलं.

तीन ओळींचा पत्ता लिहिला. काय चाललं ते! न खरखरता, न अडता, अक्षर जणू आधीच कागदावर होतं. मी पुन्हा एकदा पत्ता लिहिला, मग खाली माझं नाव, मग सही. ‘आजोबा, कुठल्या कंपनीचं हो हे?’ तर म्हणाले, ‘ती कंपनी बुडून जमाना झाला.’

जुन्या वस्तूंच्या बाजारात विचारून ठेवलंय. एकाकडे आहे म्हणे, खोक्यासकट, न वापरलेलं.