जाव्हेर बुडाला म्हणून गोष्ट संपत नाही

साने गुरुजींच्या ‘दुःखी’पासून ह्यू जॅकमनच्या चित्रपटापर्यंत व्हिक्टर ह्युगोची ‘ले मिझराब्ल’ आपल्यातल्या अनेकांना कुठून ना कुठून ठाऊक असते. ती पडद्यावर आणायचा विषय निघाला की एक सल्ला हमखास पुढे केला जातो. तो असा: ही मुळात सुटलेला कैदी ज्याँ व्हालज्याँ आणि त्याच्यामागे लागलेला पोलिस अधिकारी जाव्हेर यांच्या पाठलागाची गोष्ट आहे. बिशपने चांदी देऊन टाकली तिथे ज्याँ व्हालज्याँ बदलला, जाव्हेरने नदीत उडी घेतली तिथे गोष्ट संपली. बाकीचं पाल्हाळ कापा, दोन तासांत सगळं बसतं. बसतं, यात शंका नाही. पण या सल्ल्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा खुद्द कादंबरीच खोडून काढते.

आधी बिशप. १८१५ सालच्या ऑक्टोबरात १९ वर्षांची सक्तमजुरी भोगून सुटलेला व्हालज्याँ, त्याने चोरलेले चांदीचे काटे-चमचे, आणि वर मेणबत्त्यांचे दोन स्टँडही त्याच्या हातात ठेवणारा बिशप मिरिएल. हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याच दिवशी संध्याकाळी काय घडतं, ते मात्र गाळलं जातं. उजाड माळरानावर सावॉयकडचा दहाएक वर्षांचा पोरगा गाणं म्हणत, नाणी उडवून झेलत येतो. चाळीस सूंचं एक नाणं घरंगळतं आणि व्हालज्याँ त्यावर पाय ठेवतो. पोरगा विनवतो, रडतो, त्याचा पाय हलवायला बघतो. व्हालज्याँ त्याला दरडावून हाकलून देतो. पोरगा दिसेनासा झाल्यावर त्याला पायाखाली चकाकणारं नाणं दिसतं. मग तो ‘पती जेर्व्हे’ अशा पोराच्या नावाने हाका मारत रान पालथं घालतो, पण पोरगा सापडत नाही. १९ वर्षांत तो पहिल्यांदा रडतो तो इथे, बिशपसमोर नव्हे. क्षमा मिळाल्यावर काही तासांत त्याने आयुष्यातली सगळ्यात हीन चोरी केली, आणि त्या चोरीने तो हादरला.

शिवाय पुढचा सगळा पोलिसी ससेमिरा या नाण्यावरच उभा आहे. सुटलेल्या कैद्याने पुन्हा वाटमारी केली, हा गंभीर गुन्हा. नाणं काढून टाकलं की उरतो फक्त अटी मोडून पळालेला कैदी, आणि त्याच्यामागे वर्षानुवर्षं लागलेला जाव्हेर उगाच झपाटलेला वाटू लागतो. २०१२ च्या टॉम हूपरच्या संगीतपटात नेमकं हेच झालं आहे. बीबीसीच्या २०१८ च्या सहा भागांच्या मालिकेने तो प्रसंग ठेवला, आणि माझ्या मते तिचा व्हालज्याँ त्यामुळेच अधिक पटतो.

आता पाठलाग. जाव्हेरची भूमिका दमदार आहे हे मान्य. १९३५ चा चार्ल्स लॉटन आठवा. १९५० च्या ‘एळै पडुम पाडु’ या तमिळ चित्रपटात ही भूमिका करणाऱ्या सीतारामनना पुढे ‘जावर’ सीतारामन हेच नाव पडलं. पण व्हालज्याँचे सगळ्यात मोठे निर्णय बघा. माँट्रेयचा महापौर मादलेन म्हणून तो जगत असताना जाव्हेर स्वतः येऊन त्याची माफी मागतो: मी तुमच्यावर नाहक संशय घेतला, खरा व्हालज्याँ आरासच्या तुरुंगात ओळखला गेलाय, मला बडतर्फ करा. म्हणजे पाठलाग तिथे संपलेला आहे. मादलेनने नुसतं गप्प बसायचं. तो रात्रभर तळमळतो आणि पहाटे खरं सांगायला आरासकडे निघतो. वाटेत एस्दँला गाडीचं चाक नादुरुस्त निघतं, त्या दिवशी दुरुस्ती शक्य नाही म्हटल्यावर त्याला सुटल्यासारखं होतं. तेवढ्यात एक पोरगा एका म्हातारीला घेऊन येतो आणि तिच्याकडे भाड्याची गाडी निघते! हा प्रसंग पडद्यासाठीच लिहिलाय असं वाटावं. रेमों बेर्नारने १९३४ मध्ये आपल्या तीन भागांच्या चित्रपटाच्या पहिल्या भागाला त्या तळमळीच्या रात्रीच्या प्रकरणाचंच नाव दिलं, आणि आरी बोरने व्हालज्याँ व त्याच्या जागी पकडला गेलेला शाँमातिय अशा दोन्ही भूमिका केल्या.

जाव्हेरच्या मृत्यूने शेवट करणं हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. १९३५ चा बोलेस्लाव्स्कीचा आणि १९९८ चा बिल ऑगस्टचा चित्रपट तिथेच थांबले. कादंबरीत मात्र जाव्हेर बुडाल्याची बातमी व्हालज्याँ वर्तमानपत्रात वाचतो. आता त्याला ओळखून पकडणारं कुणी नाही. त्याने मुलीसारखं वाढवलेल्या कोझेटचं मारियसशी लग्न होतं, आणि दुसऱ्याच दिवशी तो मारियसला सांगतो, मी सुटलेला कैदी आहे. कुणीही विचारलेलं नसताना. मग तो कोझेटला भेटायला येतो ते तळमजल्यावरच्या एका ओलसर खोलीत. तिला ‘मादाम’ म्हणतो, स्वतःला ‘मस्य ज्याँ’ म्हणवून घेतो. सुरुवातीला तिथे शेकोटी पेटवलेली असते, दोन आरामखुर्च्या असतात. एके दिवशी शेकोटी पेटवलेली नसते. मग खुर्च्या दारापाशी सरकवलेल्या दिसतात. एक दिवस खुर्च्याच नसतात. त्याला काय ते कळतं. यात एकही मोठा संवाद लागत नाही. कॅमेऱ्याला याहून सोपं आणि याहून क्रूर काय मिळणार?

राहिला पाल्हाळाचा मुद्दा. वॉटर्लूचं वर्णन कापा, खुशाल कापा. शेवटी पुढे खाणावळवाला होणारा तेनार्दिये मेलेल्यांचे खिसे चाचपतो तेवढं ठेवलं की काम भागतं. मठांवरची, चोरभाषेवरची प्रकरणं, पॅरिसच्या गटारांचा इतिहास यांनाही पडद्यावर जागा नाही. इतकं गेलं की नाण्याला पाच मिनिटं आणि त्या खोलीला दहा मिनिटं दोन तासांतही सहज निघतात. ती मिनिटं पाठलागात घालवायची की नाही, हे पटकथा लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. त्याचा दोष कादंबरीच्या जाडीवर टाकू नये.