कर्णबधिर मुलीला मागच्या रांगेत उभं करू नका

शाळेच्या संगीत नाटकात कर्णबधिर मुलीला घ्यायचं म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो, "गाणी आहेत, मग ती करणार काय?" मग तिला मागच्या रांगेत उभं करतात, हातात झेंडा देतात, टाळ्या पडतात, फोटो निघतात. मला हे फार खटकतं. अभिनय येत असेल तर तिला भूमिका द्या. येत नसेल तर इतरांसारखाच तिलाही नकार द्या, तोही तिचा मानच आहे.

हे जमतं का, याचं उत्तर केव्हाच मिळालंय. लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या डेफ वेस्ट थिएटर या कर्णबधिर कलाकारांच्या नाट्यसंस्थेचं 'स्प्रिंग अवेकनिंग' हे संगीत नाटक २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. त्यात नायिका कर्णबधिर होती. ती गाणी खुणांच्या भाषेत सादर करायची आणि दुसरी नटी त्याच पात्राचा आवाज होऊन रंगमंचावरच गायची.

शाळेत अशी जोडी बसवताना खरी मजा तालमीत कळते. गाणं उचलायच्या आधी आवाज देणारी मुलगी श्वास घेते, तिचे खांदे किंचित वर येतात. जोडीदारीण तेवढं बघून समेवर हात उघडते. पाठमोरी असेल तर? मग तबलजीला अशा जागी बसवायचं की त्याचा हात तिला दिसेल, नाहीतर सहकलाकाराने चालीतच तिच्या दंडाला स्पर्श करायचा. बाकी मात्रा मोजणं, आणि ते तर सगळ्यांनाच करावं लागतं.

"ती ओठ वाचते ना" किंवा "यंत्र लावलंय ना" म्हणून सुटका होत नाही. पाय, बाय आणि माय हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. त्यात गाताना स्वर ताणला की उरलंसुरलंही जातं. श्रवणयंत्रं मुख्यतः बोलणं कळावं म्हणून जुळवलेली असतात. कोरस आणि वाद्यं एकदम सुरू झाली की त्यातून शब्द वेगळे काढणं अवघड. अर्थात प्रत्येकीचं ऐकणं वेगळं असतं, तेव्हा आधी तिलाच विचारा.

खुणांच्या भाषेचा दुभाषी पहिल्या वाचनापासून हवा. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात बोलावून काय उपयोग? दिग्दर्शक पात्राबद्दल बोलतो, मुलं आपसात थट्टा करतात, नाटक तिथेच घडत असतं. रोषणाईला पैसे निघतात, मग यालाही निघायला हवेत. आणि गाण्यांच्या खुणा कर्णबधिर जाणकाराकडूनच बसवून घ्या. व्हिडिओ बघून शब्दाला शब्द जोडलेल्या खुणा दिसायला छान दिसतात, पण ती भाषा ज्यांची आहे त्यांना त्यातून काहीच कळत नाही. त्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. प्रकाशही चेहऱ्यावर आणि हातांवर हवा. भावुक प्रसंग म्हणून अंधार केलात की तिचा संवादच पुसला जातो.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते: "चांगल्या गाणाऱ्या मुलीची संधी जाते." पण आवाज देणारी मुलगी पडद्यामागे नसते. तीही तेच पात्र उभं करत असते. पत्रिकेत दोघींची नावं एकाच ओळीत, एकाच आकारात छापा.

पुढच्या वेळी निवड चाचणीची सूचना लावाल तेव्हा त्यात एवढं लिहा: कर्णबधिर विद्यार्थ्यांनीही यावं, दुभाष्याची सोय शाळा करेल. हे लिहिलेलं नसतं म्हणून कितीतरी मुली दारापर्यंतच येत नाहीत.