मारुतीच्या कमरेपर्यंत ढोल

नाशिककराला पूर आकड्यांत सांगून कळत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते पेपरात येतं, आम्ही ते वाचतो, आणि मग शेजाऱ्याला विचारतो, "मारुतीला कुठवर आलंय?" गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हेच आमचं खरं माप. गुडघ्याला लागलं तर घरी भजी. कमरेला लागलं की गाडी काढून पूर बघायला जायचं. छातीला आलं की सराफ बाजारातली मंडळी मुकाट्याने माल वरच्या मजल्यावर चढवायला लागतात. 2016 आणि 2019च्या ऑगस्टमध्ये तर मारुती नेमका कुठे आहे हे अंदाजाने सांगावं लागत होतं.

हेच माप मी घरात ढोलासाठी वापरतो.

आम्ही मखमलाबाद रोडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीसमोर मोकळं मैदान. फ्लॅट घेताना याच मैदानापायी आम्ही जास्तीचे पैसे मोजले. "समोर कधीच बिल्डिंग होणार नाही," असं बिल्डर म्हणाला होता, आणि तो खोटं बोलला नाही. आषाढ लागला की तिथे ढोलपथकाचा सराव सुरू होतो, तो थेट गणपतीपर्यंत. रोज संध्याकाळी सात ते पावणेदहा.

आधी नुसता ताशा कडकडतो. मग एकेक ढोल लागतो, मागून लोखंडी टोल. पाण्याच्या स्टीलच्या पेल्यातला चमचा किणकिणायला लागला की समजायचं, मारुतीच्या गुडघ्याला आलं. खिडकीच्या काचा थरथरल्या की कंबर. देवघरातली घंटा आपली आपण वाजली की छाती. एका शनिवारी चाळीस ढोल एकदम आले आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल निसटून खाली पडला. त्या दिवशी आमच्या घरात वेळ अधिकृतपणे थांबली.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या अंबडच्या कंपनीत प्रशिक्षण होतं. वक्ते पुण्याहून आलेले, कोटबीट घालून. म्हणाले, परिस्थिती आपल्या हातात नसते, प्रतिसाद आपल्या हातात असतो. मग त्यांनी एपिक्टेटसची गोष्ट सांगितली. रोममधला गुलाम, पायाने अधू, पुढे मोठा तत्त्वज्ञ झाला. त्याने जगाची सरळ वाटणीच करून टाकली: एवढं आपल्या हातातलं, बाकी सगळं हाताबाहेरचं. माझ्या मनात आलं, पाय अधू असणं वेगळं आणि कान शाबूत असणं वेगळं. पण कचोरी चांगली होती, प्रमाणपत्रही मिळालं, आणि त्या संध्याकाळी मी ठरवूनच घरी आलो. आज प्रतिसाद द्यायचा तो निवडून.

सात वाजता पहिला ठोका पडला. मी डोळे मिटले, श्वास आत घेतला, आणि श्वासही ठेक्यात बाहेर पडला.

मग निवडीचा दुसरा प्रकार केला. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. त्यात 92 आलं. कायदा सांगतो, निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. आणि कायद्याचा दिवस मावळतो रात्री दहाला. पोरं पावणेदहाला टिपरू खाली ठेवतात, म्हणजे निदान रात्रीच्या कलमातून ती सुटतात. दिवसाच्या कलमात मात्र पुरती सापडली होती. 92चा स्क्रीनशॉट घेऊन मी ताड ताड खाली उतरलो.

मैदानात पोहोचेपर्यंत चार जण माझ्या पाया पडले. "काका आले, काका आले, ए, खुर्ची आण!" कटिंग आला. पथकाचा प्रमुख म्हणजे तोच पोरगा, ज्याने लॉकडाऊनमध्ये आमचा गॅस सिलेंडर खांद्यावरून दुसऱ्या मजल्यावर आणून दिला होता. त्याने घाम पुसत विचारलं, "काका, वरून कसं ऐकू येतं? ताशा मोकळा येतोय ना?"

आता या प्रश्नाला काय उत्तर देणार? स्क्रीनशॉट खिशातच राहिला. मी म्हणालो, "ताशा बरा आहे, पण डावीकडचे दोन ढोल अर्धी मात्रा मागे पडतात." खरंच पडत होते. महिनाभर ऐकत होतो, मला नाही कळणार तर कुणाला? डावीकडच्या दोघांना तिथल्या तिथे दम भरला गेला. मी घरी येऊन बसलो तेव्हा आवाज तेवढाच होता, फक्त बिनचूक झाला होता.

घरातल्या बाकीच्यांनी असलं कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाच मिनिटं आधी कानातलं मशीन काढतात, कापडाने पुसतात, डबीत ठेवतात आणि पेपर उघडतात. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी शांती असते ती मी वक्त्यांच्या चेहऱ्यावरही पाहिली नाही. बायकोचं तर वेळापत्रकच आहे. मिक्सर, शेंगदाण्याचं कूट, कपाटं सरकवणं, माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढणं, सगळं सातनंतर. आणि ज्या नातेवाइकांशी बोलायचं नसतं त्यांचे फोन ती याच वेळात उचलते. "काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये हो, ढोल चाललेत!" माझ्या आत्याला गेल्या तीन वर्षांत तिने एवढं एकच वाक्य ऐकवलंय.

त्रास काय तो प्रमाणपत्रवाल्याला.

श्रावणात कंपनीने मला मशीन दुरुस्तीसाठी चार दिवस केरळला, त्रिशूरला पाठवलं. बॅग भरताना मी गुणगुणत होतो असं बायको म्हणते. तिसऱ्या दिवशी तिथल्या चर्चचा उत्सव होता. लॉजच्या खिडकीशी उभा होतो आणि टेबलावरचा पेला किणकिणला. मला वाटलं भास. मग काचा. धावत खाली गेलो तर सारख्या टी-शर्टातली पंचवीस पोरं कमरेला ढोल बांधून घुमवतायत. लॉजमालक अभिमानाने ओरडला, "नासिक डोल! यू नो नासिक डोल?" तिकडे लग्नात, उत्सवात हा प्रकार जोरात चालतो आणि नावासकट आपलाच आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी नाशिकचाच असल्याचं कळल्यावर त्याने माझा हात धरून मला अगदी पुढे, ढोलांच्या तोंडाशी उभं केलं. पाहुण्याचा मान. डावीकडचे बरोबर होते, हे मात्र कबूल करायला हवं.

परत आलो तर पाऊस लागलेला. दोन दिवस धरणातून विसर्ग, मारुतीच्या कमरेला पाणी, खरं पाणी. मैदानाचा चिखल झाला, सराव बंद. घरात इतकी शांतता की फ्रिजचा आवाज येत होता.

रात्री आठला बेल वाजली. दारात तोच पोरगा, नखशिखांत भिजलेला. "काका, खोलीत पाणी घुसलंय. ढोल भिजले तर पानं जातील. चारच आहेत. तुमच्याकडे ठेवू?"

मी दारात उभा. मागे बायको, तिच्या मागे अण्णा. एक "नाही" म्हटलं असतं तर निदान चार ढोल तरी...

"नीट पुसून आणा," मी म्हणालो. "आणि भिंतीला टेकवू नका, ओल येते."

आता ते हॉलमध्ये आहेत. एकावर अण्णांचा चहाचा कप असतो, दुसऱ्यावर बायको कोथिंबीर निवडते. काल कुकरची तिसरी शिट्टी झाली तशी चारही ढोल आतल्या आत घुमले. अण्णांनी पेपरातून मान वर केली आणि सवयीने कानाकडे हात नेला.

"वाजले का रे सात?"