भोक पाडलेली चादर आणि राब्बी मेइरचे डोळे

"ज्यू नवरा अंगठी देऊन बायको विकत घेतो, रात्री दोघांच्या मध्ये भोक पाडलेली चादर असते, आणि 'शालोम बाइत', म्हणजे घरातली शांती, या नावाखाली बाईनं तोंड मिटून राहायचं." पुन्हा एकदा हा फॉरवर्ड आला.

आधी चादर, कारण लोक चघळतात ती तीच. ताल्मूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या चर्चांच्या ग्रंथात, राव हुना नावाचे पंडित बरोबर उलटं सांगतात: 'मी माझ्या कपड्यांत, ती तिच्या कपड्यांत' असा हट्ट धरणाऱ्यानं बायकोला सोडावं आणि केतुब्याची, म्हणजे लग्नाच्या करारातली, रक्कमही मोजावी. अन्न, वस्त्र आणि शय्यासुख हे बायकोचे हक्क बायबलच्या निर्गम 21:10 मध्येच आलेत. मिश्नानं, म्हणजे ताल्मूदचा गाभा असलेल्या नियमसंग्रहानं, तर नवऱ्याच्या धंद्याप्रमाणे शय्यासुखाचा हिशेब लावलाय: मजूर आठवड्यातून दोनदा, गाढववाला एकदा, उंटवाला महिन्यातून एकदा, खलाशी सहा महिन्यांतून एकदा. गाढववाल्याला जास्त कमाईसाठी उंटवाला व्हायचं असेल तर? ताल्मूद म्हणतो, बाईला दूर राहणाऱ्याच्या दहा मापांपेक्षा जवळ असणाऱ्याचं एक माप बरं वाटतं. बळजबरीला तर सरळ मनाईच आहे.

'विकत' या शब्दात तथ्य आहे. मिश्नात बायकोसाठी क्रियापद मिळवण्याचंच आहे. पण किंमत? एक पेरुटा, सगळ्यात हलकं नाणं. तिची संमती नसेल तर तेही व्यर्थ. शिवाय विधीचं नाव किद्दुशिन, 'पवित्र' या धातूवरून. मंदिराला वाहिलेली वस्तू जशी इतरांना वर्ज्य, तशी ती.

आता शांती. राब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मेइर यांचं प्रवचन शुक्रवारी रात्री लांबलं. ऐकायला गेलेली एक बाई घरी पोचली तेव्हा दिवा विझला होता. नवरा म्हणाला, "त्या राब्बीच्या तोंडावर थुंकल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही." मेइरला हे कळलं. त्यांनी डोळे दुखत असल्याचं सोंग केलं आणि तिलाच बोलावलं, "सात वेळा थुंक, बरं वाटेल." ती थुंकली. "जा, सांग त्याला: तू एकदा म्हणालास, मी सातदा थुंकले." शिष्य चिडले. मेइर म्हणाले, बायकोवर संशय घेतल्यावरच्या विधीत नवरा-बायकोतल्या शांतीसाठी देव स्वतःचं लिहिलेलं नाव पाण्यात पुसू देतो, मग माझा मान कुठला? शांतीची किंमत इथे बाईनं मोजली नाही.

टीकाच करायची तर 'गेट'वर करा ना. घटस्फोटाचा हा कागद नवऱ्यानंच द्यायचा असतो. तो अडून बसला तर बायको 'अगुना', बांधलेली, आणि तिला दुसरं लग्न करता येत नाही. फॉरवर्डमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.