नाक कमी कर म्हणे!

हातात वही दिसली की कोणीतरी येतंच. "भाऊ, माझं पण व्यंगचित्र काढून दे ना, दोन मिनिटांचं तर काम आहे!" दोन मिनिटं? आधी पेन्सिलीने डोक्याचा आकार, मग भुवया, मग नाक कुठवर ताणायचं त्याचा अंदाज, मग कुठे शाई. ती वाळायच्या आत कोणाचा अंगठा लागला की सगळं गेलं.

बरं, काढून दिलं तर म्हणे, "नाक कमी कर, जरा गोरं दाखव." अरे, मग फोटो काढून घे ना! जे ठळक आहे तेच व्यंगचित्रात वाढवतात. त्याशिवाय माणूस ओळखू कसा येईल?

आणि हे आपल्या नागपुरात! इथे काळी मारबत, म्हणजे वाईटाचा मोठा पुतळा, १८८१ पासून मिरवणुकीत निघते. तान्ह्या पोळ्याला इतवारी-महालात बडगे, म्हणजे पुढाऱ्यांची वगैरे टर उडवणारे पुतळे, बघायला पाय ठेवायला जागा नसते. पुढाऱ्याचं सोंग बघून टाळ्या पिटणाऱ्यांना स्वतःची हनुवटी बोटभर लांब झाली की राग येतो.

परवा एका काकूंनी चित्र परत केलं, वर मैत्रिणीचाही फोटो पाठवला. पैशाचं नाव नाही. कागद, निब, शाई सीताबर्डीत फुकट वाटतात का?