एक लांब, दोन आखूड

नव्या संगणकाने आधी दिसावे आणि मग, जमल्यास, बोलावे, एवढीच माझी अपेक्षा होती. आमच्या संगणकाने हा क्रम उलटा केला. बटण दाबताच पंखे फिरले आणि कॅबिनेटच्या दर्शनी भागातले निळे-जांभळे दिवे, जे मी नको नको म्हणत असतानाही दुकानदाराने 'आजकाल असेच येतात' या एकाच मुद्द्यावर माझ्या गळ्यात मारले होते, गणपतीच्या मखरासारखे उजळले. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल' ही पाटी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तरंगू लागली. मग कॅबिनेटच्या पोटातून एक लांब आणि पाठोपाठ दोन आखूड बीप ऐकू आले. क्षणभर विश्रांती झाली आणि पुन्हा तेच: एक लांब, दोन आखूड. त्या आवाजात घाई नव्हती की राग नव्हता. ऐकणाऱ्याला कळो वा न कळो, आपण सांगितले की आपली जबाबदारी संपली, असा एकंदर सूर होता.

हा संगणक मी सुटे भाग निवडून जोडून घेतला होता, आणि तोही लॅमिंग्टन रोडवरून. कागदोपत्री त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, परंतु त्या नावाने पत्ता विचारणाऱ्याला तिथे कोणी संगणकाचे दुकान दाखवील याची मी खात्री देत नाही. दुकानात तो माझ्या डोळ्यांदेखत जोडला गेला, चालू झाला, पडद्यावर चित्रही आले. त्यानंतर भायखळ्यापर्यंत टॅक्सी आणि तिथून डोंबिवलीपर्यंत धीम्या लोकलचा मालडबा, असा त्याचा प्रवास झाला. मालडब्यात त्याच्या एका बाजूला मासळीच्या रिकाम्या पाट्या होत्या, दुसऱ्या बाजूला कपड्यांचे गठ्ठे होते आणि वरच्या बाजूला एका मावशींचे कोपर होते. 'टीव्ही हाय का?' एवढी चौकशी करून त्यांनी जे कोपर टेकले, ते ठाणे आल्यावरच उचलले. डोंबिवली स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा होती आणि केवळ सौजन्य म्हणून ज्याला रस्ता म्हणावे असे काहीतरी होते.

बीप वाजण्यामागे एक तर्क आहे आणि तो मला मान्य आहे. विंडोज वगैरे बडी मंडळी जागी होण्याच्या कितीतरी आधी, मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीवरच्या, एका चिपमध्ये राहणारा बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम सगळ्यांची हजेरी घेतो: प्रोसेसर आहे का, रॅम म्हणजे मेमरी आहे का, चित्र काढणारे कार्ड आहे का. या हजेरीला 'पोस्ट' म्हणतात. आता चित्र काढणाराच गैरहजर असेल, तर त्याच्या गैरहजेरीची बातमी पडद्यावर लिहायची कोणी? म्हणून ती वाजवून सांगायची. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी बाजारात आणला, तेव्हापासून ही रीत चालत आली आहे. त्या काळी स्पीकर कॅबिनेटमध्येच ठाणबंद बसवलेला असे. आता त्याच्या जागी दोन वायरींना लोंबणारी, करंगळीच्या पेराएवढी एक काळी गोल डबी आलेली आहे, आणि पुष्कळ कॅबिनेटांबरोबर तीही मिळत नाही. आमच्या दुकानदाराने ती आपण होऊन, फुकट लावून दिली होती. मुंबईच्या बाजारात फुकट मिळालेल्या वस्तूचा एवढा उपयोग झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

हजेरीची पद्धत शहाणपणाची असली, तरी गैरहजेरी कशी वाजवावी यावर मात्र कोणाचेच एकमत नाही. आयबीएमच्या मूळ रिवाजानुसार एक आखूड बीप म्हणजे सर्व क्षेमकुशल. एएमआय या कंपनीच्या बायोसच्या जुन्या तक्त्यात तोच एक आखूड बीप म्हणजे मेमरीच्या रिफ्रेशमध्ये, म्हणजे तिच्यातला मजकूर टिकवणाऱ्या उजळणीत, बिघाड. अवॉर्ड या कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्राच्या कार्डात दोष. फिनिक्सवाल्यांनी तर लांब-आखूड ही भानगडच ठेवली नाही. त्यांचे बीप मध्ये थांबत थांबत, १-३-१-१ अशा गटांत येतात आणि ते मोजायला घरात शांतता व कागद-पेन्सिल लागते. एकाच आवाजावरून एक कंपनी पेढे वाटते आणि दुसरी डॉक्टरला बोलावते, असा हा कारभार आहे. बरे, आपल्या मदरबोर्डात कोणाचा बायोस आहे हे पडद्यावर लिहून येते, आणि पडद्यावर काही येत नाही म्हणून तर आपण बीप मोजत बसलेलो असतो.

माझी भाची मधुरा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने फोनवर तक्ते शोधले आणि पहिल्याच तक्त्यावर बोट ठेवले.

"मामा, एक लांब दोन आखूड म्हणजे डिस्प्ले. तुझं ग्राफिक्स कार्ड गेलंय."

कार्डाची किंमत आठवून मला खाली बसावे लागले. मी मदरबोर्डच्या खोक्यातली घडीची पत्रिका उलगडली. तिच्यात अनेक भाषांमध्ये, मुंगीला चष्मा लागेल अशा टाइपात, स्क्रू कसे पिळावेत एवढेच सांगितलेले होते. शेवटी मधुराने कंपनीच्या संकेतस्थळावरून सविस्तर पुस्तिका उतरवून घेतली, आणि तिच्यात स्पष्ट लिहिले होते की एक लांब आणि दोन आखूड म्हणजे मेमरी सापडत नाही. एक लांब आणि तीन आखूड असतील, तर ग्राफिक्स कार्ड सापडत नाही. पुस्तिका आमच्याच बोर्डाची होती, परंतु डिस्प्लेचा निकाल देणारे तक्ते संख्येने जास्त होते, आणि मधुराचा लोकशाहीवर विश्वास आहे.

या टप्प्यावर शेजारचे नाना आले. नाना तार खात्यातून निवृत्त झालेले. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, त्या दिवसापासून देशात कोणालाही नीट ऐकू येत नाही असे त्यांचे मत आहे. ते दारातच थबकले, डोळे मिटले, एक फेरी पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "डी."

"काय डी, नाना?"

"अरे, तारेच्या मोर्स लिपीत लांब तो डॅश, आखूड तो डॉट. डॅश, डॉट, डॉट. डी. सरळ डी पाठवतोय तो. डॅश तीन डॉटांएवढा असावा लागतो, हा जरा जास्तच लांबवतो. हात कच्चा आहे. पण अक्षर डीच."

"डी फॉर डिस्प्ले," मधुरा लगेच म्हणाली.

"किंवा डी-रॅम, म्हणजे मेमरी," मी पुस्तिका फडकावली. नानांनी आम्हा दोघांकडे दुर्लक्ष केले. ऑपरेटरने अर्थ लावायचा नसतो, आलेले अक्षर उतरवून घ्यायचे असते, असे सांगून त्यांनी खिशातली वही काढली आणि तारीख व वेळ घालून तिच्यात 'डी' लिहिले.

दुकानदाराला फोन केला. मी बीपांचे वर्णन करू लागलो, तो त्याने ते मध्येच तोडून आपला सार्वत्रिक उपचार सांगितला, "साहब, रॅम निकालके रबर मारो."

रबर मारणे म्हणजे रॅमच्या पट्टीच्या कडेला असलेले सोनेरी दाते शाळकरी खोडरबराने घासून पुसणे. भारतातल्या संगणक-दुरुस्तीचा निम्मा इतिहास या खोडरबराने लिहिलेला आहे असे मी म्हणेन. जुन्या यंत्रात त्या दात्यांवर हवेची आणि धुळीची पुटे चढतात, तेव्हा या उपचाराने खरोखर गुण येतो. पण नुकत्याच पाकिटातून निघालेल्या रॅमवर पुसायचे काय? हा प्रश्न मी विचारला, तेव्हा पलीकडून "नया है तो भी मारो" असे उत्तर आले. त्यात श्रद्धेचा भाग जास्त असावा.

मधुराच्या आग्रहाखातर आधी ग्राफिक्स कार्ड काढले. वीज बंद केली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, कार्ड टेबलावर ठेवले आणि बटण दाबले. एक लांब, दोन आखूड. "बघ, कार्ड नाही म्हणून ओरडतोय," मधुरा म्हणाली. "कार्ड गेलं तरी सूर बदलला नाही, म्हणजे तक्रार कार्डाबद्दल नाहीच," मी म्हणालो. "डी," नाना म्हणाले आणि त्यांनी वहीत आणखी एक ओळ लिहिली. एकाच पुराव्यावर दोन्ही पक्षांनी विजय घोषित करावा, अशी ही अवस्था होती.

तेवढ्यात वीज गेली. यूपीएसने आपले स्वतंत्र टूं-टूं सुरू केले, संगणकाचे आपले चालूच होते, आणि नानांच्या वहीत काही क्षण भलतीच अक्षरे उतरू लागली. मग त्यांनी पेन्सिल थांबवली आणि कपाळाला आठी घातली. "दुसऱ्या लाइनीचा माणूस मध्ये घुसलाय. आधी त्याला बंद कर." वीज येईपर्यंत चहा झाला.

त्यानंतर रॅम. आमच्यासारख्या मदरबोर्डवर रॅमच्या चार खाचा असतात आणि दोनच पट्ट्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्या लागतात. दुकानदाराने त्या बरोबर तशाच लावल्या होत्या. वरून पाहता दोन्ही अगदी सरळ उभ्या दिसत होत्या. मी फोनचा टॉर्च लावून गाल बोर्डाच्या पातळीला आणला, तेव्हा कुठे दिसले की दोन्ही पट्ट्यांची पुढची टोके केसभर वर उचललेली आहेत आणि सोनेरी कडेची एक बारीक रेघ खाचेबाहेर चमकते आहे. आमच्या बोर्डावर पट्टी अडकवणारी खिटी एकाच बाजूला आहे. दुसरे टोक नुसते दाबून बसवायचे असते, आणि मालडबा, मावशींचे कोपर व आमच्या नगरीतले खड्डे यांच्यापुढे नुसत्या दाबाचा टिकाव लागला नव्हता. अशा रॅमच्या एका पट्टीला २८८ सोनेरी दाते असतात. त्यातले मोजके जरी अधांतरी राहिले, तरी बायोसच्या हजेरीत ती पट्टी गैरहजर लागते.

दोन्ही पट्ट्या काढल्या. दुकानदाराच्या शब्दाला मान म्हणून मधुराच्या कंपासपेटीतले खोडरबर एकदा हलकेच फिरवले आणि कीस झटकून टाकला. मग एकच पट्टी घेतली. तिच्या खालच्या कडेला मध्यापासून थोडी सरकलेली एक चीर असते, म्हणून पट्टी उलटी बसत नाही. ती चीर जुळवून, दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून मी दाबू लागलो. या दाबाविषयी कोणीही आधी नीट सांगत नाही. नाजूक वस्तू म्हणून आपण दबकत दाबतो आणि ती बसत नाही. शेवटी बोर्ड खाली वाकू लागतो, आपण मनातल्या मनात त्याची किंमत हप्त्यांमध्ये मोजू लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी 'खट्' असा आवाज होऊन खिटी आपसूक मिटते. तो खट् आवाज माझ्या कानांना त्या दिवशी कुठल्याही तानेपेक्षा गोड लागला.

बटण दाबले. एक लांब. एक आखूड, दोन आखूड, तीन आखूड.

"बी!" नाना ओरडले आणि खुर्चीतून अर्धे उठले. "डॅश, डॉट, डॉट, डॉट. माणूस पुढे सरकला!"

मी पुस्तिका मधुरापुढे धरली. मेमरी सापडली होती आणि आता तक्रार टेबलावर निवांत पडलेल्या ग्राफिक्स कार्डाबद्दल होती. आपले म्हणणे खरे ठरल्याचा आनंद मामाने भाचीसमोर फार दाखवू नये, हा संकेत मी जेमतेम पाळला. तीही इतकेच म्हणाली की तिच्या तक्त्यात तळाशी 'बोर्डानुसार फरक पडू शकतो' असे बारीक अक्षरात लिहिलेले होतेच. दुसरी पट्टी चौथ्या खाचेत खट् करून बसवली, कार्ड जागेवर चढवले, त्याची विजेची वायर जोडली आणि मॉनिटरची केबल कार्डालाच लावली; ती मदरबोर्डाच्या मागच्या भोकात लावून 'चित्र येत नाही' म्हणणारे लोक असतात, आणि त्यांच्यासाठी कोणताही बीप नाही.

पुन्हा बटण दाबले. दिवे उजळले, पंखे फिरले, पडदा काही काळ काळाच राहिला. मग एकच आखूड बीप वाजला आणि पडद्यावर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह झळकले. मधुराने टाळी वाजवली. आतून पत्नीने "झालं का एकदाचं? आता ते टेबल मोकळं करा," असे अभिनंदन केले.

नाना मात्र पडद्याकडे पाहतच नव्हते. त्यांनी शेवटची नोंद केली, वही हातभर लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचली, आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिले.

"एक डॉट म्हणजे ई. डी, बी, ई. डोंबिवली ईस्ट. पत्ता बरोबर लागला आहे. आता बंद करून परत लाव बघू, मजकूर यायचा राहिलाय."